आपली सर्जरी आणि देशाची सरासरी

गेल्या महिन्यात मी आमची सर्जरी बदलायला निघालो होतो. मधुमेहाच्या औषधांवर तिचा माणशी खर्च देशाच्या सरासरीपेक्षा बराच जास्त असल्याचे मला संगणकावर दिसले होते. "हे डॉक्टर सरसकट गोळ्या देतात," मी बायकोला म्हटले. ती म्हणाली, "तिथल्या बाकांवर कोण बसलेलं असतं, ते कधी पाहिलंस का?"

तिचे बरोबर होते. आमच्या भागात निम्मी वस्ती आपल्याकडच्या लोकांची आहे. दक्षिण आशियाई लोकांना टाइप २ मधुमेहाचा धोका गोऱ्या लोकांच्या दोन ते चार पट असतो. अशा वस्तीत या गोळ्या सरासरीइतक्याच जात असत्या, तर उलट काळजी वाटायला हवी होती. रोग असून निदान न झालेले किती, हा प्रश्न पडला असता.

इंग्लंडमधील प्रत्येक सर्जरीने लिहून दिलेल्या आणि फार्मसीतून दिल्या गेलेल्या औषधांचे आकडे एन.एच.एस. दर महिन्याला प्रसिद्ध करते. त्यात रुग्णांची नावे नसतात. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे 'ओपनप्रिस्क्रायबिंग' २०१५ पासून हेच आकडे आलेखांत मांडते. आपल्या सर्जरीचे नाव घातले की ती इतरांच्या तुलनेत कुठे आहे ते दिसते. हे आलेख वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, भागाकार कशाने केला आहे? नुसत्या रुग्णसंख्येने भागले, तर वय आणि वंश यांचा फरक लपतो. अँटिबायोटिक्सच्या एका मोजमापात वय आणि स्त्री-पुरुष प्रमाण धरलेले असते. ते अधिक न्याय्य.

दुसरी, डॉक्टरांची निवड दाखवणारे आकडे पाहावेत. उदाहरणार्थ, एकूण अँटिबायोटिक्सपैकी को-अमॉक्सिक्लॅव्ह, सेफॅलोस्पोरिन आणि क्विनोलोन या गटांचा वाटा. तो १० टक्क्यांच्या आत ठेवण्याचे एन.एच.एस.चे उद्दिष्ट राहिले आहे. असा वाटा मोजताना रुग्ण किती, याने फारसे बिघडत नाही.

तिसरी, एका महिन्यावरून निष्कर्ष काढू नये. लहान सर्जरीचा आलेख वरखाली होतच असतो. शिवाय मधल्या रेषेच्या वर निम्म्या सर्जरी असणारच!

आमच्या सर्जरीचे अँटिबायोटिक्सचे प्रमाणही थोडे चढे निघाले. तेव्हा मात्र मी गप्प झालो. गेल्या हिवाळ्यात मुलाचा खोकला दहा दिवस थांबेना, म्हणून मीच डॉक्टरांकडे हट्ट धरून अँटिबायोटिक मागून घेतले होते. असा खोकला तीन-चार आठवडेही टिकतो आणि बहुधा औषधाशिवाय बरा होतो, हे त्यांनी सांगितले होते. मी ऐकले नाही. त्या चढ्या आलेखात आमच्या घरचीही एक बाटली आहे.

तेव्हा वाचकहो, आकडे जरूर पाहा; पण त्यावरून कोणतीही गोळी परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा, "हे औषध मला अजून लागते का?" आणि एक पैशांची गोष्ट: इंग्लंडमध्ये मधुमेहासाठी औषध घेणाऱ्यांना सर्वच प्रिस्क्रिप्शन्स मोफत मिळतात, मात्र सूट-प्रमाणपत्र काढावे लागते. साठीच्या आतल्यांनी सर्जरीतून एफपी ९२ ए फॉर्म मागून घ्यावा. आमच्या शेजारच्या काकांना हे ठाऊकच नव्हते.

सर्जरी आम्ही बदललेली नाही.