हार्ट अटॅक आला, आणि शुगर आहे हे तेव्हाच कळलं



हार्ट अटॅकच्या माणसाला इस्पितळात नेलं की रक्तातली शुगर बघतात. ती जास्त निघाली की घरचे म्हणतात, "यांना शुगर कधीच नव्हती." पुष्कळदा ती कधी तपासलेलीच नसते. स्वीडनमध्ये मधुमेह माहीत नसलेले अटॅकचे १८१ रुग्ण तपासले होते. २००२ साली छापून आलेल्या या अभ्यासात, घरी जाताना ३१ टक्क्यांना मधुमेह निघाला आणि ३५ टक्के उंबरठ्यावर होते. आपल्याकडे तर २०२३ च्या आयसीएमआर पाहणीत मधुमेहात गोवा देशात पहिला आला, २६.४ टक्के. म्हणजे चार मोठ्या माणसांत एक.

अटॅकच्या ताणानेही शुगर तात्पुरती चढते. मग खरा मधुमेह आहे की नाही हे कसं कळणार? त्यासाठी एचबीएवनसी नावाची रक्ततपासणी असते. ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते आणि उपाशी राहावं लागत नाही. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह.

इस्पितळात इन्सुलिन दिलं म्हणून घाबरू नका. अटॅकच्या दिवसांत शुगर ताब्यात ठेवायला ते देतात, पुढे बऱ्याच जणांना गोळ्या पुरतात. पण घरी आल्यावर हृदयाच्या गोळ्या चालू आणि शुगरच्या बंद, असं करू नका. शुगर वाढलेली राहिली तर रक्तवाहिन्या आणखी खराब होतात आणि दुसऱ्या अटॅकचा धोका वाढतो.

आता दर्यावरची गोष्ट. वर्षानुवर्षं शुगर असली की नसा बधिर होतात, म्हणून अटॅक आला तरी छातीत दुखेलच असं नाही. नुसता दम लागतो, थंड घाम सुटतो, मळमळतं, अंगातलं बळ जातं. खलाशी म्हणतो पित्त झालं, ऊन लागलं, आणि आडवा होतो. शुगरवाल्याला असं झालं तर जाळ्याचा विचार करू नका. होडी लगेच किनाऱ्याकडे वळवा, फोन किंवा वायरलेसवरून कळवून जेटीवर १०८ बोलावून ठेवा. शुगर खूप उतरली तरी घाम सुटतो. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर साखरपाणी द्या, पण त्यासाठी परतायला उशीर करू नका.

इस्पितळातून सुटताना घरच्यांनी एवढं विचारायचं:
१. एचबीएवनसी केली का? किती आली?
२. शुगरची कुठली गोळी चालू ठेवायची?
३. पुन्हा तपासणी कधी?

आधीपासून गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटं इस्पितळात सोबत न्या. अँजिओग्राफीच्या वेळी काही गोळ्या थोडे दिवस थांबवाव्या लागतात.

१ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात इंजिनाचं काम करून घेतो, जाळी विणतो. त्याच दिवसांत मालकांनी स्वतःची आणि खलाशांचीही शुगर तपासून घ्यावी, असं आम्ही सोसायटीतर्फे सांगतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना हे वाचून दाखवा.