पातेल्यातली भावकी

चुलीपासून हातभर मागे सरका पोरांनो, आणि धाकटीला माझ्या मांडीवर द्या. आज सगळं एकाच पातेल्यात शिजणार आहे: खेकडे, झिंगे, बटाटे, मक्याची कणसं, लसूण आणि आपली नंदुरबारची मिरची. तुमचा मामा सुरतेला उधन्यात राहतो. तिथे गल्लोगल्ली खानदेशी माणसं आहेत. त्याने पहाटे बाजारातून माल घेतला, खेकडे साफ करून घेतले, सगळं बर्फात दाबलं आणि सुरत-भुसावळच्या गाडीने आणलं. म्हणून रनाळ्यात आज समुद्राचा वास आहे. एरवी आपल्याला समुद्र भेटतो तो बाजारातल्या सुकटीत आणि सुक्या बोंबलात.

पहिला मान तेलाचा. तेल तापलं की ठेचलेला लसूण आणि सुक्या मिरचीचे तुकडे टाकायचे, आच मंद. मिरची थेट पाण्यात टाकली तर तिखट नीट उतरत नाही, कारण तिच्यातलं कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात फारसं नाही. तिचा लाल रंगही तेलाचाच सोबती. बघा, तेल कसं लालभडक झालं. आता करपायच्या आत पाणी ओता. चार लिटर पाणी, लिटरला पंधरा ग्रॅमच्या बेताने मीठ. समुद्राच्या एका लिटरात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात, तेवढं खारट आपल्याला सोसणार नाही.

उकळी फुटली की आधी बटाटे. ते सगळ्यांत हट्टी. पाणी आपल्याकडे शंभर अंशांच्या अगदी जवळ उकळतं, पण ती उष्णता बटाट्याच्या गाभ्यापर्यंत पोचायला पंधरा मिनिटं तरी लागतात. हेच पातेलं तोरणमाळला चढवलं असतं तर पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळलं असतं आणि बटाट्यांनी आणखी वेळ खाल्ला असता.

तोवर एक गोष्ट सांगतो. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलेली तुम्ही पाहिली आहे. जमिनीवर नजर पोचेल तिथवर लाल. आणि हे कणीस बघा, पिवळंधमक. हा लाल आणि हा पिवळा एकाच भावकीतले आहेत. त्या भावकीचं नाव कॅरोटिनॉइड. त्यातल्या बहुतेकांचा सांगाडा कार्बनच्या चाळीस अणूंचा. मक्याच्या पिवळ्यात झियाझँथिन आणि ल्युटिन आहे. मिरचीच्या लालात कॅप्सँथिन आहे. आणि ऐका, मिरची पिकताना तिच्यातलं हिरवं द्रव्य मोडत जातं आणि झाड झियाझँथिनवरच दोन टप्प्यांत काम करून त्याचं कॅप्सँथिन करतं. म्हणजे कणसात जे पिवळं राहिलं तेच मिरचीत पुढे जाऊन लाल झालं! शहाद्याकडची लाल गराची पपई याच भावकीतली. नवापूरच्या पोल्ट्रीतल्या कोंबड्या मका खातात म्हणून अंड्याचा बलक पिवळा येतो, तोही हाच रंग.

टाका आता कणसाचे तुकडे.

बटाटा, मका, मिरची, तिन्ही मुळात अमेरिकेतली. पाचशे वर्षांपूर्वी खानदेशात यातलं काहीच नव्हतं. तिकडे लुइझियाना नावाच्या राज्यात गोड्या पाण्यातले क्रॉफिश, बटाटे आणि कणसं अशीच एका हंड्यात उकडतात आणि टेबलावर कागद पसरून त्यावर ओततात. आपण केळीच्या पानांवर ओतू. केळीला खानदेशात काय तोटा!

आता खेकडे. सोडायच्या आधी नीट बघून घ्या. रंग कसला? काळपट हिरवा, कडेला निळसर छटा. समुद्राकाठच्या चिखलात लपून राहायला हाच रंग कामाचा. सोडा पाण्यात. मोजू नका, फक्त बघा.

बघितलंत? लाल होऊ लागला.

हा लाल मिरचीतून चढला असं वाटलं ना थोरल्याला? साध्या पाण्यात उकडला तरी खेकडा लालच होतो. तो रंग कवचात आधीपासूनच आहे. त्याचं नाव अ‍ॅस्टाझँथिन. 1938 मध्ये रिचर्ड कून आणि सोरेनसेन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी तो शेवंडातून ओळखला. तोही चाळीस कार्बनवाला, मिरचीचा आणि मक्याचा चुलत भाऊ. मग जिवंतपणी दिसत का नाही? कवचातलं एक प्रथिन त्याला घट्ट धरून ठेवतं. त्या पकडीत रंगाचा रेणू दाबला जातो, सपाट होतो आणि उजेडातला वेगळाच भाग शोषू लागतो. म्हणून तो आपल्याला निळा-काळपट दिसतो. शेवंडातल्या अशा प्रथिनाची रचना ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी 2002 मध्ये क्ष-किरणांनी उलगडली, तेव्हा ही पकड अणू-अणूने दिसली. उकळत्या पाण्यात प्रथिनाच्या घड्या उलगडतात आणि पकड सुटते. रंगाच्या रेणूला मात्र इतक्या उष्णतेने फारसं काही होत नाही. तो मोकळा होतो आणि मूळचा लाल दिसतो. मला हे कितीदाही बघितलं तरी पुरत नाही.

पण खेकड्याने हा रंग आणला कुठून? त्याला तो मुळापासून करता येत नाही. बहुतेक कुठल्याच प्राण्याला येत नाही. पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ उन्हावर असे रंग बनवतं. शेवाळ बारीक जीव खातात, त्यांना मोठे खातात, आणि रंग तोंडातोंडी वर चढत जातो. खेकडे-झिंगे फार तर त्यात थोडा फेरफार करून त्याचं अ‍ॅस्टाझँथिन करतात. तळ्यांत वाढवलेल्या झिंग्यांच्या खाद्यात हा रंग कमी पडला तर ते फिकट निपजतात, म्हणून खाद्यात तो मुद्दाम मिसळतात. ठाण्याच्या खाडीत येणारे रोहित पक्षी गुलाबी होतात तेही खाल्लेल्या रंगानेच. त्यांची पिल्लं राखाडी असतात.

बहुतेक म्हटलं, सगळे नाही. कपाशीवर चिकट मावा पडतो ना, ज्याच्या नावाने तुमचा बाप कपाळाला हात लावतो? त्याच कुळातल्या, वाटाण्यावरच्या माव्याबद्दल अमेरिकेतल्या नॅन्सी मोरान आणि टायलर जार्विक यांनी 2010 मध्ये जगाला सांगितलं, की हा किडा कॅरोटिनॉइड स्वतः बनवतो. ती विद्या कुठली? फार पूर्वी कुठल्याशा बुरशीचे जनुक माव्याच्या पूर्वजात शिरले आणि तिथेच राहिले. आजही त्यांच्याच जोरावर काही मावे लाल असतात, काही हिरवे. ज्याला आपण औषध मारायला धावतो, त्याच्या पोटात एवढी मोठी किमया आहे.

काय ग? आपल्या नाल्यातले खेकडे का नाही आणले? ते पावसाळ्यात. त्यांची तऱ्हा निराळी. समुद्रातल्या खेकड्याची पिल्लं आधी वेगळ्याच रूपात पाण्यात तरंगत वाढतात, रूपं पालटत पालटत खेकडा होतात. नाल्यातल्या खेकड्याच्या अंड्यातून थेट चिमुकला खेकडाच बाहेर येतो, आणि आई त्यांना काही दिवस पोटाच्या पाळीखाली घेऊन फिरते. नाल्यातला खेकडा मात्र कधीही अर्धाकच्चा खायचा नाही. अशा खेकड्यांत फुप्फुसाला लागणारा कृमी असू शकतो. मणिपूर-अरुणाचलकडे माणसांना तो झालेला आहे. पूर्ण शिजला की भीती नाही.

खेकड्यांना दहा मिनिटं होऊन गेली. बटाट्यात सुरी सहज जाते. आता शेवटी झिंगे, सालासकट. यांना तीनच मिनिटं. जास्त ठेवले तर मांसातली प्रथिनं आवळतात, पाणी बाहेर पडतं आणि झिंगा चिवट होतो. तेही लाल झाले बघा. उतरवा पातेलं.

ओतायच्या आधी तेवढी काचेची वाटी द्या. वरचा रस्सा त्यात घ्या आणि जरा स्थिर राहू द्या. लाल रंग वर तेलाच्या तर्रीत गेला, खालचं पाणी फिकट राहिलं. ही भावकी पाण्यात नांदत नाही, तेलातच नांदते. म्हणूनच गाजर, मका, पपई असं काही खाल्लं की सोबत थोडं तेल-तूप असावं, तर शरीराला ते नीट मिळतं. मक्यातलं झियाझँथिन आणि ल्युटिन तर तुमच्या डोळ्यांत जाऊन बसतं, दृष्टिपटलाच्या मधोमध, ज्या ठिपक्याने तुम्ही पुस्तकातली अक्षरं वाचता त्याच ठिपक्यात. तेही आपल्याला बनवता येत नाही, खाऊनच मिळवावं लागतं.

मामाला सांगा पानं अंथरायला. थोरल्या, खेकड्याच्या नांग्या फोडायला बत्ता आण. तर्री कुणी टाकू नका, भाकरीवर घ्यायची आहे. आणि कवचं वेगळी काढा, ती परसातल्या खताच्या खड्ड्यात जातील.