कणगीच्या राखणदाराला काय खायला घालाल?

सुगी आटोपली, ज्वारी-गहू घरात आला की उंदीरही मागोमाग येतो. पोती कुरतडतो, खातो त्यापेक्षा जास्त लेंड्या-मुताने नासवतो. मग आपण शेजारून एखादं मांजराचं पिल्लू मागून आणतो, कणगीशेजारी सोडतो आणि निर्धास्त होतो. त्याला खायला काय घालता असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, “उंदीर आहेत की साहेब! पोट भरलं तर ते उंदीर कशाला धरंल?”

ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे, पण ती खरी नाही. मांजराची शिकार भुकेवर कमी आणि स्वभावावर जास्त चालते. पोट भरलेलं मांजरही उंदीर दिसला की झडप घालतेच. फार तर मारून तसाच टाकून देईल. इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी १९५३ साली शेतवाड्यांवरील मांजरांविषयी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. आधी वाड्यातले उंदीर काढून टाकले आणि मग मांजरांना घरून थोडं दूध देऊन बांधून ठेवलं, तर ती वाड्याभोवती सुमारे ५० यार्डांपर्यंत उंदरांना पुन्हा ठाण मांडू देत नाहीत, असे त्यात दिसून आले. यात दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. उंदरांचा बुजबुजाट झाल्यावर एकटं मांजर तो निस्तरू शकत नाही, आणि घूस तर त्याच्या आवाक्याबाहेरची. दुसरं म्हणजे घरी काहीच मिळत नसलेलं मांजर जिथं मिळेल तिथं जातं. मग तुमची कणगी उघडी.

तेव्हा घालायचं तर आहे, पण काय? आपल्याकडे ठरलेलं खाणं म्हणजे दूध-भाकरीचा काला. एल्टन यांच्या मांजरांनाही दूधच होतं, मात्र ते शिकारीच्या जोडीला होतं. नुसत्या काल्यावर मांजर तगतं, धड राहत नाही. कुत्रा माणसासोबत राहून बराचसा मिश्राहारी झाला. मांजर मात्र आजही पूर्ण मांसाहारी आहे. त्याला टॉरिन नावाचं द्रव्य खाण्यातूनच मिळावं लागतं. ते मांस आणि मासळीत असतं, धान्यात नसतं आणि दुधात अगदी थोडं. टॉरिन न मिळाल्यास मांजराच्या डोळ्याचा पडदा खराब होऊन ते आंधळं होतं, हे १९७५ साली अमेरिकेत सिद्ध झालं. त्याच कमतरतेने हृदय फुगून कमजोर होतं, हे १९८७ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवलं. “म्हातारं झालं, दिसंना त्याला” असं आपण म्हणतो, तेव्हा कारण कधीकधी वय नसतं, वाटी असते. गाजर-भोपळ्यातून माणसाला अ जीवनसत्त्व मिळतं, मांजराला तेही त्यातून बनवता येत नाही. शिवाय मोठ्या मांजराला दुधातली साखर पचत नाही, बऱ्याच जणांना हगवण लागते.

आता खर्चाचं. मटण विकत आणून मांजराला घाला असं कोण सांगेल? पण आठवडी बाजारात चिकनच्या दुकानावर मुंड्या, पाय, मान, कलेजी-पेटा आणि हृदय हे सगळं मांसाच्या भावापेक्षा बरंच स्वस्त मिळतं. ओळखीचा दुकानदार काही वेळा तसंच देतो. यातलं हृदय मांजरासाठी सर्वांत उत्तम, कारण टॉरिन त्यात भरपूर. पाय आणि मान कुकरला इतकी शिजवावी की हाड बोटाने चुरगळलं पाहिजे. अशा मऊ हाडातून चुनाही मिळतो, जो नुसत्या मांसात पुरेसा नसतो; वाढत्या पिल्लांना फक्त मांसाचे तुकडे घातले तर त्यांची हाडं ठिसूळ होतात. नळीची लांब हाडं मात्र काढून टाका, शिजल्यावर त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात आणि आतडं फाटतं. टॉरिन शिजवताना पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी फेकू नका, त्यातच दोन घास भात किंवा भाकरी कुस्करून द्या. भाकरी चालते, पण ताटात तिची जागा तोंडी लावण्याएवढीच.

कलेजी आवडीनं खातं म्हणून रोज घालू नये. आठवड्यातून एक-दोनदा थोडी पुरे. जास्त झाली तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मानेचे मणके जखडतात.

मासळी मिळत असेल तर उत्तम. उजनीच्या काठच्या गावांना चिलापीची डोकी स्वस्तात मिळतात. मासा शिजवूनच द्यावा. रोहू-कटल्यासारख्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नासवणारा घटक असतो, तो शिजवल्यावर निकामी होतो. सुकट, बोंबील बाजारात किलोवर मिळतात आणि घरात टिकतात, ही मोठी सोय. मात्र खारवलेली मासळी असेल तर भिजवून पाणी बदलून घ्या, आणि सुकटीतली वाळू चाळून काढा. रोजच्या रोज फक्त मासळीही नको.

घरात रस्सा होतो तेव्हा लोक उरलेला रस्सा-भाकरी मांजरापुढे सरकवतात. इथं जरा थांबा. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात, आणि आपला कांदा-लसूण मसाला म्हणजे तेच वाळवून कुटलेलं. तेव्हा फोडणीत टाकण्याआधी मांजराचा वाटा बाजूला काढून साध्या पाण्यात शिजवावा. एवढी एक सवय लागली तर निम्मं काम झालं.

कच्चं मांस घालू नये, हे अलीकडे जास्त निक्षून सांगावं लागतं. आपल्या राज्याने २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू पाहिला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळच्या गोरेवाडा केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने दगावले. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाड्याला घरच्या मांजरांत हा रोग सापडला. मांजर वाघाच्याच कुळातलं. घरची कोंबडी मेली तर ती मांजराला टाकणं पूर्ण बंद करा, आणि एकदम कोंबड्या मरू लागल्या तर आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

माळकरी घरांचा प्रश्न वेगळा. तिथं मांस शिजणार नाही, आणि शिजवा म्हणून सांगण्यातही अर्थ नाही. त्यांच्यासाठी तयार पाकीट हाच मार्ग. तालुक्याच्या गावी आता अशी पाकिटं सहज मिळतात, पण घेताना खताची गोणी घेतो तसं मागचं वाचून घ्या. ‘कंप्लीट अँड बॅलन्स्ड’ असं छापलेलं असावं. ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘ट्रीट’ लिहिलेलं पाकीट म्हणजे खाऊ, जेवण नव्हे. घटकांत टॉरिनचं नाव पाहा. कोरड्या खाद्यात प्रथिने ३० टक्के किंवा वर असली तर चांगलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिलं नाव कोंबडी किंवा मासळीचं असेल तर माल बरा, मका-तांदूळ आधी असेल तर तुम्ही धान्याचेच पैसे देताय. कुत्र्याचं पाकीट स्वस्त पडतं म्हणून ते मांजराला घालू नये, त्यात टॉरिनची हमी नसते. उघड्या पोत्यातून सुटं मिळणारं खाद्य खवट निघतं, आणि पोत्यावरची तारीखही आपल्याला दिसत नाही.

भावाचा हिशेबही नीट करा. ओल्या पाकिटात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. समजा ८५ ग्रॅमचं ओलं पाकीट ४० रुपयांना आहे. त्यात खरं खाद्य १७ ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमला सुमारे २३५ रुपये. कोरडं किलोचं पाकीट समजा ३५० रुपयांना. १० टक्के ओलावा वजा करून खाद्य ९०० ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमला सुमारे ३९ रुपये. आकडे उदाहरणाचे आहेत, दुकानात गेल्यावर तिथले घालून बघा. कोरडं खाद्य घालत असाल तर शेजारी पाण्याचं भांडं हवंच, नाहीतर मूत्राचे विकार होतात, बोक्यांना जास्त.

साडेतीन किलोच्या मांजराला शिकार अजिबात नसेल तर दिवसाला साधारण दीडशे ग्रॅम शिजलेलं मांस किंवा ५०-६० ग्रॅम कोरडं खाद्य लागतं. शिकार करणाऱ्याला याच्या निम्म्यातही भागतं. व्यायलेल्या मांजरीला मात्र मागेल तेवढं द्या. खाणं बदलायचं तर आठ-दहा दिवसांत हळूहळू, जुन्यात नवं मिसळून बदला. “भूक लागली की खाईल” म्हणून उपाशी ठेवू नका. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजराचं, विशेषतः लठ्ठ मांजराचं, यकृत बिघडतं.

शेवटी ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींसाठी. गावात सामुदायिक उंदीर निर्मूलन घ्याल तेव्हा आदल्या दिवशी दवंडी देऊन किंवा मोबाईलच्या गटावर कळवून लोकांना मांजरं कोंडायला सांगा. झिंक फॉस्फाइडचं आमिष मांजरानं खाल्लं किंवा त्यानं मेलेला उंदीर खाल्ला तरी धोका आहे, आणि त्यावर उतारा नाही. ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर तर तीन-चार दिवस सुस्तपणे फिरतो आणि मांजराला आयता सापडतो. म्हणून त्यावेळी मांजर जास्त दिवस आत ठेवावं लागतं. हिरड्यांतून रक्त, काळी शी दिसली की तडक दवाखाना गाठा, यावर के जीवनसत्त्वाची इंजेक्शनं लागू पडतात. जाताना विषाचं पाकीट सोबत न्या. मेलेले उंदीर रोज सकाळी फडक्याने किंवा चिमट्याने उचलून खोल पुरावेत, उकिरड्यावर टाकू नयेत.