मुलांच्या गीतांतील एक कडवें

लहान मुलाच्या मुखीं जें गीत घालावें तें त्याच्या बुद्धीस कळण्यापूर्वींच अंतःकरणांत जाऊन बसतें. प्रौढ मनुष्य उपदेश ऐकून विचार करतो. मूल गातां गातां विश्वास ठेवूं लागतें. म्हणून मुलांच्या गीतांची परीक्षा प्रौढांच्या ग्रंथांहून अधिक कसोशीनें झाली पाहिजे, असें आमचें मत आहे. आयर्लंडांतील एका ख्रिस्ती गीताचा इतिहास याचें उत्तम उदाहरण होय.

सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर या बाईंचा जन्म १८१८ सालीं डब्लिन शहरीं झाला. धर्माचीं मूलतत्त्वें मुलांस सोप्या शब्दांत कळावीं, या हेतूनें त्यांनीं १८४८ सालीं बालगीतांचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतील ‘ऑल थिंग्ज ब्राइट अँड ब्यूटिफुल’ हें गीत पुढें रविवारच्या शाळांतून सर्वत्र गाइलें जाऊं लागलें. फुलें, पांखरें, डोंगर, नदी हें सारें ईश्वरानें निर्मिलें, असा त्याचा गोड आशय आहे. परंतु त्यांतच एक कडवें असें होतें कीं, वाड्यांतील धनिक व त्याच्या दाराशीं असलेला दरिद्री या दोघांचीही पायरी ईश्वरानेंच नेमून दिलेली आहे.

आतां काळ कोणता तें पाहा. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडांत भयंकर दुष्काळ माजला होता. सुमारें दहा लाख माणसें त्यांत दगावलीं; खंड थकल्यामुळें कुटुंबेंच्या कुटुंबें घराबाहेर काढलीं गेलीं; आणि त्याच वेळीं त्या देशांतून धान्याचीं जहाजें बाहेर जात होतीं. पिकावरील रोग दैवी म्हणतां येईल. पण खंड, जप्ती व निर्गत हीं मनुष्यांचीच कृत्यें होत.

बाईंवर निर्दयतेचा आरोप करणें अन्यायाचें होईल. पुस्तकाचें उत्पन्न त्यांनीं मुक्याबहिऱ्यांच्या संस्थेस दिलें. परंतु त्यांचे वडील बड्या जमीनदारांच्या इस्टेटीचे कारभारी होते. लहानपणापासून जी व्यवस्था पाहिली तीच त्यांस ईश्वरी वाटली असावी. अंतःकरण दयाळू असूनही अन्याय दिसत नाहीं, तो असा.

कित्येक म्हणतात, ‘दोघेही ईश्वराचीच लेंकरें, एवढाच त्या कडव्याचा भावार्थ.’ असेल, पण मूल भावार्थ शोधीत बसत नाहीं. शिवाय १७८० सालीं ग्लॉस्टर येथें रॉबर्ट रेक्स यांनीं ज्या रविवारच्या शाळांस चालना दिली, त्या आठवडाभर मजुरी करणाऱ्या मुलांकरितां होत्या. तेव्हां अशा शाळांतून दाराशीं उभ्या असलेल्याच्या लेंकरांनींच आपलें दारिद्र्य ईश्वरी नेमणूक म्हणून गावें, असा प्रसंग आला!

१९०६ सालीं पर्सी डिअरमर या लंडनच्या धर्मोपदेशकांनीं ‘इंग्लिश हिम्नल’ हा संग्रह संपादिला, तेव्हां हें कडवें त्यांनीं गाळलें. पुढें बहुतेक संग्रहांनीं तोच मार्ग धरिला. यामुळें धर्म बुडाला नाहीं. गीतही बुडालें नाहीं, आजही तें आवडीनें गाइलें जातें. सुधारणा म्हणजे सर्वनाश, असें भय घालणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

वाचकहो, आज सायंकाळीं आपलीं मुलें काय म्हणतात तें एकदां लक्ष देऊन ऐका. त्यांत कोणाची पायरी कायमची ठरविणारें एखादें कडवें आढळलें, तर तें ईश्वराच्या नांवावर खपवूं नका.