कॅल्शियम, भस्मे आणि अस्थिसौषिर्य : उत्तरवयातील औषधनिवडीचा विचार

साठी उलटलेली स्त्री पाठदुखीची तक्रार घेऊन चिकित्सालयात येते, तेव्हा तिच्या पिशवीत बहुधा तीन गोष्टी असतात : अस्थिघनता तपासणीचा अहवाल, कॅल्शियमच्या गोळ्या आणि आठवड्यातून एकदा घ्यावयाची अलेन्ड्रोनेटची गोळी. तिचा प्रश्न ठरलेला असतो. “वैद्यबुवा, ही गोळी बंद करून तुमचे एखादे भस्म घेतले तर चालेल का?” हाच प्रश्न औषधविक्रेत्यालाही विचारला जातो. येथे उत्तर चुकले तर त्याचे मोल खुब्याच्या अस्थिभंगाने चुकवावे लागते आणि उतारवयातील असा अस्थिभंग अनेकांचे स्वावलंबन कायमचे हिरावून घेतो. म्हणून या प्रश्नाचा साकल्याने विचार करणे अगत्याचे आहे.

ग्रंथोक्त भूमिका

अस्थी हे वाताचे आश्रयस्थान होय. अन्यत्र दोष वाढला की त्याचा आश्रयही वाढतो. येथे मात्र वात वाढला की अस्थी क्षीण होतो, हा विशेष वाग्भटांनी स्पष्ट केला आहे. अस्थींचे सौषिर्य त्यांनी मज्जाक्षयाच्या लक्षणांत सांगितले. अस्थ्याश्रित व्याधींत चरकांनी पंचकर्म, विशेषतः बस्ती, तसेच तिक्तद्रव्यसिद्ध दूध व तूप यांचा उपदेश केला. याचा अर्थ असा की, आपल्या आचार्यांनी या विकाराकडे केवळ पार्थिव द्रव्याची उणीव म्हणून पाहिले नाही. आधुनिक शास्त्रही हेच सांगते. अस्थी ही सजीव धातू असून तिची झीज व भर अखंड चालू असते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, झीज भरीला मागे टाकते आणि हाड आतून विरळ होते.

कॅल्शियम आणि औषध : दोन भिन्न कार्ये

कॅल्शियम हा कच्चा माल आहे; झीज रोखणे हे त्याचे मुख्य कार्य नव्हे. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासात ३६,२८२ स्त्रियांचा समावेश होता. त्यातील एका गटास रोज १००० मि.ग्रॅ. कॅल्शियम व ४०० युनिट ड जीवनसत्त्व देण्यात आले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार खुब्याच्या अस्थिभंगात लक्षणीय घट आढळली नाही. मूत्राश्मरीचे प्रमाण मात्र १७ टक्क्यांनी वाढले. याउलट, मणक्याचा अस्थिभंग आधीच झालेल्या स्त्रियांत अलेन्ड्रोनेटने मणक्याचे व खुब्याचे नवे अस्थिभंग सुमारे निम्म्यावर आणले, असे १९९६ च्या अभ्यासात दिसून आले. वर्षातून एकदा शिरेतून देण्याच्या झोलेड्रोनिक आम्लाने मणक्याचे अस्थिभंग ७० टक्क्यांनी, तर खुब्याचे ४१ टक्क्यांनी घटले, हे २००७ साली सिद्ध झाले.

म्हणून ज्या रुग्णेस किरकोळ पडण्याने खुब्याचा वा मणक्याचा अस्थिभंग झाला आहे, अथवा जिचा टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली आहे, तिचे औषध केवळ कॅल्शियमच्या वा भस्माच्या भरवशावर बंद करणे योग्य नाही. उणे १ ते उणे २.५ या दरम्यानच्या प्रत्येकीला औषधाची गरज असतेच असे नाही. तेथे वय, पूर्वीचे अस्थिभंग, कुलवृत्त, स्टेरॉइडचा वापर आणि पडण्याचा धोका पाहून निर्णय करावा.

भस्मांचे गणित

प्रवाळ, शंख, शुक्ती, वराटिका व कुक्कुटांडत्वक् ही मूळ द्रव्ये मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची आहेत आणि कार्बोनेटमध्ये कॅल्शियमचा अंश ४० टक्के असतो. प्रवाळभस्म २५० मि.ग्रॅ. मात्रेत दिवसातून दोनदा दिले आणि ते संपूर्णतः कार्बोनेट आहे असे धरले, तरी मिळणारे कॅल्शियम सुमारे २०० मि.ग्रॅ. होते. गाईचे कपभर दूधही जवळजवळ तेवढेच देते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली रजोनिवृत्तीनंतरची दैनंदिन गरज १२०० मि.ग्रॅ. सांगितली आहे. तेव्हा कॅल्शियमची पूर्ती म्हणून भस्माची शिफारस करताना हा हिशेब रुग्णेपुढे मांडावा. भस्माचे अन्य गुण त्यांच्या जागी आहेतच. अस्थिशृंखला, लाक्षादी गुग्गुळ यांचा अनुभव आपणा सर्वांस आहे. तथापि त्यांच्यामुळे अस्थिभंग किती टळतात याचा मोठ्या संख्येवरील पुरावा आपण अद्याप उभा केलेला नाही. त्यामुळे त्यांना जोडीचे स्थान द्यावे, पर्यायाचे नव्हे.

काळाचे भान

अलेन्ड्रोनेटचा एक टक्क्याहून कमी अंश शोषला जातो आणि कॅल्शियमच्या सान्निध्यात तोही वाया जातो. ही गोळी सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्यासह घ्यावी, अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये व आडवे होऊ नये. आपली कामदुधा, शंखवटी, सूतशेखर, प्रवाळपंचामृत आणि पहाटेचे क्षीरपाक ही सर्व या वेळी वर्ज्य होत. ज्या दिवशी गोळी घ्यावयाची, त्या दिवशी हे कल्प निदान दुपारी जेवणासोबत द्यावेत. छातीत जळजळ झाली म्हणून विक्रेत्याने परस्पर शंखवटी वा अम्लनाशक देण्यापूर्वी गोळी कशी घेतली जाते हे अवश्य विचारावे. कारण ती अन्ननलिकेस क्षोभ आणते. थायरॉइडची गोळी व कॅल्शियम यांतही चार तासांचे अंतर असावे.

कॅल्शियमची निवड

प्रथम आहार पाहावा. १०० ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मि.ग्रॅ. कॅल्शियम मिळते, दूध, ताक, तीळ व पालेभाज्या यांतूनही भर पडते. उणीव राहील तेवढीच गोळीने भरून काढावी आणि एका वेळी ५०० मि.ग्रॅ.हून अधिक देऊ नये. १२५० मि.ग्रॅ. कार्बोनेटच्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मि.ग्रॅ. असते, हे वेष्टनावरून तपासून घ्यावे. कार्बोनेटला जाठर आम्लाची गरज असल्याने ते जेवणासोबत द्यावे. आम्लशामक औषधे नित्य घेणाऱ्यांस सायट्रेट अधिक सोयीचे. त्यात कॅल्शियमचा अंश २१ टक्केच असतो. अश्मरीचा पूर्वेतिहास असल्यास विशेष सावधगिरी बाळगावी.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी चिठ्ठीविना महिनोन्‌महिने देत राहणे हितावह नाही. वर्षातून एकदाच ५ लाख युनिट दिलेल्या वृद्ध स्त्रियांत पडणे व अस्थिभंग दोन्ही वाढले, असे २०१० च्या अभ्यासात आढळले होते.

सावधगिरीच्या खुणा

मांडीत वा जांघेत नवी वेदना सुरू झाल्यास अथवा दात काढल्यावर जखम भरून न आल्यास रुग्णेस तज्ज्ञाकडे त्वरित पाठवावे. असे उपद्रव विरळ असतात. परंतु ओळखले पाहिजेत. वृक्कदौर्बल्यात ही औषधे वर्ज्य ठरू शकतात. अलेन्ड्रोनेट सुमारे पाच वर्षांनी थांबवावे का, याचा पुनर्विचार तज्ज्ञ करतात. सहा महिन्यांनी घ्यावयाच्या डेनोसुमॅबचे मात्र तसे नाही. त्याची मात्रा लांबवली वा पर्यायी औषध न देता बंद केली, तर मणक्यांचे अनेक अस्थिभंग होण्याचा धोका संभवतो. ‘सुई पुढच्या वर्षी घेऊ’ असे रुग्णा म्हणाली, तर तिला वेळीच सावध करावे.

तात्पर्य

अग्नीचे रक्षण, बस्ती, स्नेहन, व्यायाम, सूर्यप्रकाश, घरातील ओल्या फरशीची व अंधाऱ्या पायऱ्यांची सोय हे आपले मोठे क्षेत्र आहे. तेथे आपण निःशंकपणे पुढे व्हावे. परंतु चालू औषध बंद करण्याचा सल्ला देण्यापूर्वी अहवाल पाहावा, मूळ चिकित्सकाशी बोलावे आणि आपल्या कल्पांच्या वेळा लिहून द्याव्यात. रुग्णेने विचारलेल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे आहे : “भस्म चालेल, परंतु त्या गोळीऐवजी नव्हे आणि त्या वेळीही नव्हे.”