फसवी हाक आणि कायोटी

ससा हा एरवी जवळजवळ मुका प्राणी. पण शत्रूच्या तावडीत सापडला की तो कर्कश किंचाळतो. उत्तर अमेरिकेतल्या गवताळ मैदानात असा आवाज उठला की कायोटीचे कान टवकारतात आणि तो आवाजाच्या दिशेने निघतो. मात्र ही किंचाळी सशाचीच असेल असे नाही. झुडपाआड बसलेला शिकारी तोंडाने वाजवायच्या पिपाणीतून किंवा ध्वनिक्षेपकावरून तोच आवाज काढत असतो. तरीही कायोटी येतो. तो का येतो, कसा येतो, आणि कोणता कायोटी येत नाही, हे तीन प्रश्न आपण येथे पाहू.

कायोटी हा कुत्रा, लांडगा आणि आपल्याकडचा कोल्हा यांच्याच 'कॅनिस' या प्रजातीतला प्राणी. थॉमस से या निसर्गशास्त्रज्ञाने १८२३ मध्ये त्याला 'कॅनिस लॅट्रान्स', म्हणजे भुंकणारा कुत्रा, असे शास्त्रीय नाव दिले. त्याचे वजन साधारण १० ते १५ किलो असते. अलास्कापासून पनामापर्यंत तो आढळतो. उंदीर, ससे, कीटक, फळे, हरणांची पाडसे असे जे मिळेल ते तो खातो. मेंढ्याही मारतो, आणि म्हणूनच मेंढपाळांचे त्याच्याशी वैर आहे. प्रौढ नर-मादीची जोडी आपला प्रदेश राखून राहते. वसंतात पिल्ले होतात. त्यांतली बरीचशी शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत घर सोडून भटकू लागतात.

तो का येतो?

रानात ऐकू येणाऱ्या किंचाळ्या बहुतेक वेळा खऱ्याच असतात. समजा, अशा १०० किंचाळ्यांपैकी ९५ खऱ्या आणि ५ खोट्या आहेत. प्रत्येक आवाजाकडे संशयाने पाठ फिरवणारा कायोटी ९५ वेळा जेवणाची संधी गमावील. म्हणजे आवाजाकडे जाणे हा मूर्खपणा नव्हे. तो एरवी उपयोगी पडणारा नियम आहे आणि शिकारी त्याचाच फायदा घेतो. आपल्याकडे पिंजऱ्यातल्या तित्तराच्या आवाजावर रानतित्तर बोलावण्याची जुनी पद्धत होती. तिच्यामागचे तत्त्व हेच. मात्र तेथे भुकेऐवजी हद्दीचे भांडण कामी येते.

कायोटीलाही हद्दीची हाक लागू पडते. फिलिप लेनर यांनी १९७८ मध्ये कायोटीच्या ११ प्रकारच्या आवाजांची वर्गवारी केली. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील निरीक्षणांत असे दिसले की टोळीतली प्रमुख जोडी सर्वांत जास्त हेल काढते, तर स्वतःचा प्रदेश नसलेले भटके कायोटी क्वचितच आवाज करतात. पिल्लांच्या दिवसांत परक्या कायोटीचा हेल किंवा पिल्लाचे केकाटणे ऐकून ही जोडी धावून येते. तेव्हा तिला भूक नव्हे, तर घराचे रक्षण खेचून आणते.

तो कसा येतो?

कायोटी पुष्कळदा सरळ आवाजावर चालून येत नाही. तो वळसा घालून अशा बाजूला जातो की आवाजाकडून येणारा वारा त्याच्या नाकावर यावा. कानांनी ऐकलेल्या बातमीची तो नाकाने खातरजमा करतो, असे म्हणायला हरकत नाही. माणसाचा वास आला की तो पसार होतो.

येथेच नकली भक्ष्याचे काम सुरू होते. शिकारी आपल्यापासून काही अंतरावर केसाळ कातड्याचा तुकडा तारेला बांधून बॅटरीवर हलता ठेवतो. शेतातले बुजगावणे पाखरांना दूर ठेवते, हे मात्र जवळ बोलावते. बंदिस्त जागेत सशांची शिकार करणाऱ्या कायोटींवर १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, भक्ष्य शोधताना दृष्टी हे सर्वांत महत्त्वाचे इंद्रिय ठरले होते. हलणारी वस्तू दिसली की नजर तिच्यावर खिळते आणि शिकाऱ्याची हालचाल नजरेतून सुटते.

पिल्लांच्या दिवसांत शिकारी कुत्र्याचाही असाच उपयोग करतात. कुत्रा कायोटीच्या बिळाच्या परिसरात जातो. त्याला हुसकावण्यासाठी कायोटी मागे लागतात आणि माघार घेणारा कुत्रा त्यांना बंदुकीपर्यंत घेऊन येतो.

कोण फसत नाही?

गोळी चुकली किंवा सोबती पडला, पण स्वतः निसटला, असा कायोटी त्या आवाजाचा संबंध माणसाशी जोडू शकतो. पुन्हा तो आवाज ऐकला तरी येत नाही. शिकाऱ्यांचाही असाच अनुभव आहे. जेथे फार हाका दिल्या जातात, तेथे कायोटी सावध होतात. वर घेतलेल्या उदाहरणात ९५ आणि ५ हे प्रमाण बदलले की नियमही बदलतो.

याउलट भटकी तरुण पिढी अननुभवी असते. शिवाय परिसराची ओळखही महत्त्वाची ठरते. पाळीव अवस्थेतील कायोटींवरील प्रयोगांत असे आढळले, की नवी वस्तू परक्या जागेपेक्षा ओळखीच्या जागेत दिसली तर ते तिला अधिक बिचकतात. आपल्या घरात कोणी नवे गाठोडे ठेवले तर ते लगेच डोळ्यांत भरते, धर्मशाळेत भरत नाही, तसेच हे.

याचे परिणाम गंभीर आहेत. कॅलिफोर्नियातील हॉपलंड येथील संशोधन केंद्रात १९९० च्या दशकात कायोटींच्या गळ्यात रेडिओपट्टे बांधून अभ्यास झाला. मेंढ्या मारणारे बहुतेक कायोटी प्रदेश राखणाऱ्या, पिल्ले वाढवणाऱ्या जोड्यांतले निघाले. पकडण्याच्या नेहमीच्या उपायांना मात्र हेच प्रौढ कमी सापडत. तेथील नोंदींत किती कायोटी मारले आणि किती कोकरे वाचली, यांचा संबंध दिसला नाही. म्हणजे गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, असा हा प्रकार. युटामधील संशोधकांनी वेगळा मार्ग तपासला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, नसबंदी केलेल्या जोड्यांनी प्रदेश सोडला नाही, पण कोकरे कमी मारली. पिल्लांची भूक हे मेंढ्या मारण्याचे मोठे कारण असल्याचे यावरून दिसते. वर्तन समजून घेतल्यावर उपायही बदलतो, तो असा.

वर्गात

हा विषय शिकवताना कायोटी 'हुशार' की 'मूर्ख', या वादात मुलांना अडकू देऊ नये. आवाज कोणता, ऋतू कोणता, ऐकणारा कोण, आणि प्रतिसाद दिला किंवा न दिला तर नफा-तोटा काय, असे चार रकाने फळ्यावर आखून ते भरायला सांगावे. गावाजवळ कोल्हेकुई ऐकू येत असेल तर वेळ आणि महिना यांची नोंद मुलांना ठेवता येईल. बांगलादेशात आणि ग्रीसमध्ये कोल्ह्यांचा अभ्यास करताना संशोधकांनी कोल्हेकुईचाच आधार घेतला आहे.

आवाज वाजवून प्राणी बोलावण्याचा प्रयोग मात्र विद्यार्थ्यांनी करू नये. हल्ली छायाचित्रासाठी मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवण्याची सवय आपल्याकडेही दिसते. हद्दीत प्रतिस्पर्धी आला असे समजून पक्षी समोर येतो. छायाचित्र मिळते, पण विणीच्या काळात तेवढा वेळ अंडी-पिल्ले उघडी पडतात. तो पक्षी का आला, हे वरच्या चार रकान्यांत मुलांनीच मांडले, तर मोबाइल खिशात का ठेवायचा, हे वेगळे सांगावे लागणार नाही.