रोलप्ले लिहिताना पात्र हळूहळू कसं घडवायचं?

रोलप्ले रायटिंग म्हणजे काही जणांनी मिळून एकच गोष्ट लिहायची, पण प्रत्येकाने फक्त आपल्या पात्राचं बोलणं-वागणं लिहायचं. १९७४ मध्ये आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये हे टेबलाभोवती बसून तोंडी चालायचं. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने 'मड' लिहायला घेतलं, रिचर्ड बार्टलने ते पुढे नेलं, आणि लोक एकाच काल्पनिक जगात नुसतं टाइप करून वावरू लागले. आज हेच डिस्कॉर्डवर चालतं.

आमचाही चौघांचा ग्रुप होता. गोष्ट एका काल्पनिक बंदराची. माझं पात्र केशव, दीपगृहाचा म्हातारा राखणदार. मी उत्साहात त्याचा सगळा इतिहास आधीच लिहून टाकला: भावाने केलेला दगा, बायकोचा मृत्यू, पाण्याची भीती. डिस्कॉर्डवर फुकट अकाउंटला एका मेसेजमध्ये २००० कॅरेक्टर्सच मावतात, माझे सात मेसेज झाले!

झालं काय, तर केशवला कुणी काही विचारेचना. विचारणार तरी काय? तिसऱ्या सीनमध्ये मित्राच्या पात्राने त्याला होडीत बोलावलं, तर मी "केशव पाण्यात जाणार नाही, वर वाचा" असं लिहिलं. दोन दिवसांनी त्या मित्राने ग्रुप सोडला. जाताना म्हणाला, "ही तुझी कादंबरी आहे रे, आम्ही नुसते वाचक." लागलं मला ते. पण खोटं नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी पात्राच्या तीनच ओळी लिहिल्या: त्याला काय हवंय, तो काय लपवतोय, आणि एक सवय. सवय अशी, की केशव पैसे दोनदा मोजतो. का, ते मलाही माहीत नव्हतं. चौथ्या सीनमध्ये एका पात्राने विचारलंच, "काका, दोनदा का मोजता?" मी लिहिलं, "एकदा घरच्याच माणसाने कमी दिले होते." बस, एवढंच. पुढे दीडेक महिन्याने त्यातूनच भाऊ आला, आणि त्याला आणला दुसऱ्याच खेळाडूने. माझ्या जुन्या भावापेक्षा हा कितीतरी बरा निघाला.

आपल्या भाषेत सांगायचं तर, डोक्यातला इतिहास म्हणजे कमिट न केलेला कोड. सीनमध्ये जे लिहून झालं तेच मेन ब्रँचवर. कमिट नसलेलं कधीही बदला, पण लिहून झालेलं गुपचूप फिरवू नका. मी प्रत्येक सीननंतर एका फाइलमध्ये फक्त सिद्ध झालेल्या गोष्टी लिहितो, सोबत तारीख आणि कोणाच्या मेसेजमुळे ते ठरलं तेही. पात्राचा स्वभाव बदलायचा असेल तर आधी ही फाइल बघतो. कारण सापडलं नाही, तर बदल पुढे ढकलतो.

दुसऱ्याच्या पात्राने काय केलं हे आपणच लिहिणं याला गॉडमॉडिंग म्हणतात. ते टाळाच. मृत्यू, मोठी जखम असं काही आणायचं असेल तर दुहेरी कंसात, म्हणजे पात्राबाहेर येऊन, आधी विचारा.

तो मित्र गेल्या महिन्यात परत आला. पहिल्याच सीनमध्ये त्याने केशवला पुन्हा होडीत बोलावलं. केशव अजून धक्क्यावरच उभा आहे, उत्तर मी आज रात्री लिहीन.